क्लबफूट ओपीडी: प्लास्टरात चोख, बुटांबाबत हयगय

आमच्या मुलाचे उजवे पाऊल जन्मतःच आत वळलेले होते, म्हणजे क्लबफूट. ग्रहणात भाजी चिरल्यामुळे असे झाले, असे शेजारच्या आजी सांगत होत्या. परंतु हजारात साधारण एका बाळाला हा दोष असतो आणि त्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही, हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी समजावले व आम्हाला सरकारी रुग्णालयाच्या क्लबफूट ओपीडीत पाठवले.

तेथे पोन्सेटी पद्धत वापरतात. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विकसित केली आणि तिच्यामुळे पाऊल उघडून करायची मोठी शस्त्रक्रिया बहुतेक बाळांना टळते. डॉक्टर टाचेला हात न लावता घोट्यापुढच्या हाडावर अंगठा टेकवून पाऊल हलकेच बाहेर वळवत आणि त्याच स्थितीत मदतनीस बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर गुंडाळत. तोवर बाळ आईच्या कुशीत दूध पीत असे आणि क्वचितच रडे. दर आठवड्याला एक याप्रमाणे सहा प्लास्टर झाले. त्यानंतर जागेपुरती भूल देऊन टाचेमागची आखडलेली कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) बारीक छेद घेऊन कापली, टाकाही घातला नाही, आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवले. इथपर्यंतच्या कामात मला खोट काढता येत नाही, फक्त बाकावर तीन-तीन तास बसण्याची तयारी हवी.

तक्रार आहे ती दांडीने जोडलेल्या बुटांची. पहिले तीन महिने रोज २३ तास आणि पुढे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत झोपेत ते घालावे लागतात. त्यात ढिलाई झाली तर पाऊल पुन्हा वळते. असे असूनही बूट आमच्या हातात ठेवून पाच मिनिटांत आमची बोळवण झाली. दुसऱ्याच रात्री टाच बुटातून निसटली आणि सकाळी तिच्यावर फोड दिसला. आधी मधला पट्टा आवळायचा आणि टाच खाली टेकली की नाही हे बुटाच्या मागच्या छिद्रातून पाहायचे, एवढे साधे तंत्र आम्हाला पुढच्या खेपेला एका अनुभवी आईने बाकावर बसल्या बसल्या शिकवले.

मुलगा आता दोन वर्षांचा आहे. दिवसा तो अंगणात अनवाणी पळतो. रात्री कूस बदलताना त्याची दांडी पलंगावर आपटते आणि आमची झोप मोडते.