काळ्या मातीच्या ग्राउंडवर मोल्डेड स्टड : आमच्या कॉलेज टीमचा अख्ख्या सीझनचा रिव्ह्यू

कंपनीचं आणि दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, बजेटमधले एफजी म्हणजे फर्म ग्राउंडवाले शूज, ज्यांच्या सोललाच साच्यातून काढलेले, न निघणारे खुंट म्हणजे मोल्डेड स्टड असतात, ते थोड्याफार फरकाने असेच असतात, आणि खान्देशात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी घ्यायच्या आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

यंदा आमची टीम खरंच भारी होती. मिडफिल्डला भुसावळचे दोघं, लहानपणापासून सोबत खेळलेले, न बघता पास द्यायचे, आणि चोपड्याचा एक विंगर असा सुटायचा की समोरचा बॅक नुसता वळेपर्यंत हा क्रॉस टाकून मोकळा. आंतरमहाविद्यालयीन तर मारणारच, विद्यापीठाच्या टीममध्ये पण आपली पोरं जाणार असं सगळं कॉलेज बोलत होतं. म्हणून जुलैतच वर्गणी काढून सगळ्यांनी एकसारखे शूज घेतले. दुकानदार काका स्वभावाने चांगले, साइज बदलून द्यायला कधी कटकट केली नाही, शिनगार्डही दिले ते अजून मस्त आहेत. पण तेव्हा म्हणाले, "घ्या भो, एकच जोडी वर्षभर चालते." हेच चुकीचं आहे.

पावसाळ्यात या शूजला तोड नाही. पावसाने उघडीप दिली आणि ग्राउंडला वाफसा आला की स्टड मातीत बरोबर बसतात, फुल स्पीडमध्ये वळलं तरी पाय सरकत नाही. धो धो पावसात मात्र काळा चिखल सोलला चिकटून शूज वजनदार होतात, हाफटाइमला काडीने साफ करावेच लागतात, पण तेवढं चालतं. सप्टेंबरपर्यंत आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो.

मग ऑक्टोबरचं ऊन. आपली काळी माती ओली असली की फुगते आणि वाळली की आकसते, ग्राउंडभर भेगा, आणि मधली ढेकळं दगडासारखी. तिथे स्टड आत जातच नाहीत, सगळं वजन त्या मोजक्या टोकांवर येतं आणि तेच खालून तळपायाला टोचत राहतं. प्रॅक्टिस झाली की पोरं टाचा धरून बसायची, "भाऊ, पाय दुखी राह्यनात". विंगरचा स्टड भेगेत अडकला, घोटा मुरगळला आणि तो नंतर पहिल्यासारखा पळालाच नाही, त्याचं मला अजून फार वाईट वाटतं. स्टड एका बाजूने झिजले, पुढची पेस्टिंग सुटली, मोच्याकडून शिलाई मारून घेतली म्हणून निदान सीझन निघाला.

सगळं शूजवर ढकलत नाही. दिवाळीत प्रॅक्टिस बंद, निम्मी पोरं घरी कापूस वेचायला, लगेच सेमिस्टरची परीक्षा, स्टॅमिना गेला तो गेलाच. पण शेवटच्या मॅचला २-० पुढे असताना आम्ही ३-२ हरलो, आणि ते तिन्ही गोल आमचे डिफेंडर वळताना घसरले म्हणून झाले. समोरच्या टीमच्या पायात टर्फ शूज होते, ज्यांच्या सोलभर बारीक रबरी दाणे असतात, वजन सगळ्या तळव्यावर पसरतं आणि कडक जमिनीवर ग्रिप मिळते. आमचा गोलकीपर मॅचनंतर जागेवरून उठत नव्हता. इतकी गुणी टीम नंतरच्या राउंडला गेलीच नाही.

त्यामुळे माझं मत, पावसाळ्यासाठी ५ पैकी ४ स्टार, दिवाळीनंतर १. बजेट एकाच जोडीचं असेल तर सरळ टर्फ शूज घ्या, चिखलात थोडं घसरायला होईल पण घोटे शाबूत राहतील, शिवाय हल्ली ताशी भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर पण तेच चालतात. पंजा रुंद असेल तर अर्धा नंबर मोठा घ्या, आणि दुकानात जाड फुटबॉल सॉक्स घालूनच ट्राय करा, साध्या मोज्यांवर साइज फसते.