दही नीट टांगणारं ग्रीक हॉटेल

पाडव्याला आणि दसऱ्याला मी ठाण्याला नौपाड्यात ऑर्डरीने श्रीखंड करून देते, 22 वर्षं झाली. त्यामुळे दह्याचा कुठलाही पदार्थ समोर आला की माझी नजर आधी वाटीच्या कडेला जाते, पाणी सुटलंय का ते बघायला.

घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका इमारतीच्या तळमजल्यावर सहा टेबलांचं ग्रीक हॉटेल आहे. मुलगा आणि सून मला तिथे घेऊन गेले. पहिली वाटी आली त्झात्झिकीची. घट्ट दही, किसलेली काकडी, लसूण, वर ऑलिव्ह तेलाची धार आणि शेपूची बारीक पानं. चमचा रोवला तर उभा राहिला. मे महिन्याच्या उकाड्यात ती वाटी अर्धा तास टेबलावर होती, तरी कडेला पाण्याचा थेंब नाही. मला राहवेना. काउंटरपलीकडे स्वयंपाक दिसतो, तिथल्या मुलाला विचारलं, "दही किती वेळ टांगतोस रे?"

"रात्रभर काकू, फ्रिजमध्येच. आणि काकडी मीठ लावून पिळतो." त्याने मूठ उघडून दाखवली. काकडीचा किस पिळून पिळून लिंबाएवढा गोळा झाला होता. एवढी मेहनत घेणाऱ्याच्या हातचं मी डोळे मिटून खाईन.

चिकन सुवलाकी पिटा 260 रुपयांना आहे, एकाचं पोट भरतं. सुवलाकी म्हणजे लहान सळी. ग्रीसमध्ये तीवर बहुतेकदा डुकराचं मांस असतं, इथे चिकन किंवा पनीर. पिटा म्हणजे त्यांची रोटी. ग्रीक पिटाला आत खिसा नसतो, ती जाडसर आणि मऊ असते. तिच्यातच लिंबू-ओरेगानोत मुरवलेलं चिकन, कांदा, टोमॅटो आणि त्झात्झिकी गुंडाळून देतात. सुनेची पनीरची सुवलाकी मात्र कोरडी होती.

सॅलडमध्ये पानाबिनांचा भारा नाही. टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर चीजची अख्खी वडी. मेनूत फेटा लिहिलंय. युरोपीय संघाने 2002 साली हे नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं, आणि खरं फेटा मेंढीच्या दुधाचं, फार तर 30 टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध घालून करतात. इथलं गाईच्या दुधाचं आहे. विचारल्यावर त्या मुलाने लगेच सांगितलं, ते आवडलं. पण मेनूतही तसंच लिहायला हवं.

मुसाका, म्हणजे वांगी आणि खिम्याचे थर, वर पांढऱ्या सॉसची साय, वरून छान तांबूस होता पण मधोमध गार. परत पाठवला. कुरकुर न करता दुसरा दिला, पण 20 मिनिटं गेली आणि तोवर मुलाची भूक मेली.

शाकाहारी मंडळींनी गिगांतेस घ्यावं. घेवड्याचे मोठे पांढरे दाणे टोमॅटोत घालून ओव्हनमध्ये शिजवतात. ग्रीक लोकांच्या ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य असतं, त्यामुळे असे कडधान्यांचे पदार्थ त्यांच्याकडे मुरलेले आहेत. दाणा अख्खा राहतो आणि जिभेवर विरघळतो. मी सोबत पिटा मागून घेतली आणि वाटी पुसून खाल्ली.

बकलावा गोडमिट्ट, एक तिघांत पुरला. तिघांचं बिल 1,340 रुपये झालं. शनिवारी रांग असते, मधल्या वारी साडेसातला जा. पार्किंग नाही, रिक्षाच बरी. निघताना मी त्झात्झिकी पार्सल मागितली, तर संपली होती.