गुऱ्हाळावर प्रयोगशाळेची साधनं: एका हंगामाचा अनुभव

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली होती, तेव्हापासून मनात होतं की कॉलेजात हाताळलेली साधनं एकदा रस आटवायच्या काहिलीशेजारी वापरून बघायची. दसऱ्याच्या सुमारास शहरातल्या सायन्सच्या सामानाच्या दुकानातून रिफ्रॅक्टोमीटर, तापमापी, पीएच मीटर, छोटा डिजिटल काटा, बीकर, मोजपात्र आणि नरसाळं घेऊन आले. मार्चमध्ये चुलवाण विझलं. तोवर सगळं रोज चिपाडाच्या धुरात आणि रसाच्या चिकटात वापरलं गेलं.

सगळ्यात जास्त शिकवलं तापमापीनं. आणली ती काचेची, पाऱ्याची, 360 अंशांपर्यंतची. घरी उकळत्या पाण्यात धरली, तर पारा 98 वरच थांबला. खराब माल दिला म्हणून परत करायला निघाले होते. त्याआधी बर्फ घातलेल्या पाण्यात धरून बघितली, तिथं बरोबर शून्य. मग डोक्यात उजेड पडला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, आणि दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशानं उतरतो. म्हणजे आपल्याकडं पाणी 98 लाच उकळतं, तापमापी खरंच सांगत होती.

हे इतकं सविस्तर लिहिते, कारण गुळाचं सगळं गणित यावर आहे. रस आटेल तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. पाण्यापेक्षा तो किती अंश वर उकळतोय, यावरून पाक किती दाट झाला ते कळतं. पाक उतरवायचा मी टिपून ठेवलेला पुस्तकी आकडा 118 अंशांचा, पण तो पाणी 100 ला उकळतं असं धरून. आपल्याकडं दोन वजा करून 116 धरायला हवा. हे लक्षात येईपर्यंत तीन आदणं (एका वेळी काहिलीत आटवायचा रस म्हणजे एक आदण) 118 पर्यंत आटवून झाली होती. गूळ काळपट आणि फार कडक निघाला. आमचे गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर, मी त्यांना मामा म्हणते, गार पाण्यात पाकाची गोळी करून बघतात. तिसऱ्या आदणाला ते म्हणालेच होते, "ताई, गोळी कवाच झाली, उतरवा की." 116 धरल्यापासून त्यांची गोळी आणि माझा आकडा सहसा एकाच वेळी येतात.

काचेची तापमापी मात्र काहिलीजवळ कधीच नेली नाही, तुम्हीही नेऊ नका. ती फुटली तर पारा गुळात जाईल, आणि पारा विषारी आहे. काहिलीसाठी लांब स्टीलच्या दांड्याची डिजिटल घेतली. काचेची फक्त पडताळणीसाठी घरात ठेवली आहे. दांड्याचं टोक काहिलीच्या बुडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर आकडा उगाच वर जातो.

आंबटपणा मोजणारा पीएच मीटर (आकडा जितका कमी तितकं आंबट) कामाचा, पण त्याची बडदास्त फार. ताजा रस थोडा आंबट असतो, आमच्याकडं 5.2 ते 5.4 च्या दरम्यान येतो. तसाच तापवला तर त्यातल्या साखरेचं काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि पावसाळ्यात पाघळतो. म्हणून चुन्याची निवळी घालतात. आधी अंदाजानं घालायचो, आता सव्वासहाच्या आसपास थांबतो. चुना जास्त पडला की रंग काळवंडतो. मोजायचा रस आधी बीकरमध्ये गार करून घ्यायचा. मीटरचं पातळ काचेचं टोक दर वेळी डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचं, ठेवताना पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात बुडवून ठेवायचं, आणि रोज सकाळी 4 आणि 7 च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) जुळवून घ्यायचं. डिसेंबरात एकदा ते रात्रभर कोरडं राहिलं, तर सकाळी आकडा स्थिरच होईना. दिवसभर द्रावणात भिजवल्यावर सुधारलं. पीएच कागदही आणला होता, पण रसाच्या स्वतःच्या मळकट हिरव्या रंगामुळं छटा ओळखताच येईना.

रिफ्रॅक्टोमीटरवर मी खूश आहे. काचेवर रसाचे दोन थेंब, उजेडाकडं धरून बघायचं (सूर्याकडं नाही), आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांची टक्केवारी, समोर. आमच्या को 86032 जातीच्या उसाचा रस नोव्हेंबरात 18 भरला, जानेवारीत 21. त्यावरून कोणता प्लॉट आधी तोडायचा ते ठरवलं. बुडख्यात साखर जास्त आणि शेंड्यात कमी असते, म्हणून चार-पाच ऊस पूर्ण पिळून एकत्र रस घ्या. काच मऊ कापडानंच पुसा. आमच्याकडं एका गड्यानं साध्या फडक्यानं पुसली आणि त्यावर ओरखडे आले, याचं वाईट वाटतं.

बीकरमध्ये बोरोसिलिकेटचेच घ्या. साध्या काचेचा एक गरम रस ओतताच तडकला. बोरोसिलिकेट साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावतं, म्हणून टिकतं. बीकरवरच्या खुणा फक्त अंदाजाच्या असतात. नेमकं मोजायचं तर मोजपात्र घ्या, फेस बसू द्या आणि डोळा पातळीला आणून खोलगट पृष्ठभागाचा खालचा कडा वाचा. काटा चुना तोलायला पुरतो, मात्र वाऱ्यात आकडे हलतात, मी तो खोक्यात ठेवून वापरते. नरसाळं आणि फिल्टर पेपर इथं वाया गेले. रसानं कागद दोन मिनिटांत बुजतो, मलमल बरी.

थोडक्या पैशात सुरुवात करायची असेल तर आधी स्टीलची तापमापी घ्या, मग रिफ्रॅक्टोमीटर. पीएच मीटर घरात कोणीतरी रोज धुणार असेल तरच.