‘मंतरलेला’ नवाहो गालिचा घेण्याआधी

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको-ॲरिझोनाच्या सहलीत तिथल्या नवाहो आदिवासींनी विणलेला गालिचा घ्यायचा बेत असेल, तर विकणारा देवधर्माची गोष्ट सांगू लागताच सावध व्हा. गॅलपजवळच्या एका दुकानात आम्हाला ९०० डॉलरना गंडवलं ते याच गोष्टीवर.

गालिच्यावर येई देवतांच्या आकृती आणि तीन बाजूंनी वेढणारी इंद्रधनुष्याची रक्षक देवता होती. दुकानदार म्हणाला, “नऊ रात्रींच्या विधीत वापरलेला आहे, वैद्यांनी मंतरलेला. असा पुन्हा मिळायचा नाही.”

हे धादांत खोटं. त्या विधीत हे चित्र रंगीत वाळूनं जमिनीवर काढतात, आपल्या रांगोळीसारखं. रोगी त्यावर बसतो, आणि उपचार झाले की ते त्याच दिवशी मोडतात. विधीतलं चित्र टिकवायचं नसतं. हस्तीन क्ला हे स्वतः विधी जाणणारे. त्यांनी १९१९च्या सुमारास अशी चित्रं मागावर विणायला घेतली, तेव्हा त्यांच्याच लोकांना ते रुचलं नाही. आजही विक्रीसाठीच्या चित्रात पुष्कळजण मुद्दाम काहीतरी बदलतात. ज्या श्रद्धेपोटी ही माणसं इतकं जपतात, तिचाच बाजार मांडून नक्कल खपवली जाते, याची मला पैशांपेक्षा जास्त चीड आहे.

खरं कळलं ते क्राउनपॉइंटच्या गालिचा-लिलावात. तिथल्या एका वयस्कर विणकर बाईंनी नक्षीकडे पाहिलंच नाही. गालिचा उलटा केला आणि टोकं चाचपली. नवाहोंच्या उभ्या मागावर ताणा (उभा धागा) अखंड गुंडाळलेला असतो, त्यामुळे चारही कडा बंद येतात. आमच्या गालिच्याच्या दोन्ही टोकांना कापलेल्या दशा होत्या, गाठी मारून आत खुपसलेल्या. लांब कडांना ताण्याचे जाड जुडगे होते, ती मेक्सिकोतल्या मागाची खूण. (गॅलप थ्रो नावाच्या छोट्या नवाहो तुकड्यांना मात्र एका टोकाला दशा असतात, तेवढ्यावरून ते खोटे ठरवू नका.) मेक्सिकोतल्या झापोटेक विणकरांची कला अस्सल आहे, खोटं आहे ते वर लावलेलं नाव. अशा नकला आपल्या भारतातूनही जातात, हे ऐकून फार वाईट वाटलं.

अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यानं परका माल आदिवासींचा म्हणून विकणं गुन्हा आहे. माल हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर व्यक्तीला पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं; त्याहून स्वस्त मालाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणूनच तोंडी ‘नवाहो’ म्हणणाऱ्यानं पावतीवर फक्त ‘साउथवेस्ट रग’ लिहिलं होतं. विणकराचं नाव आणि ‘नवाहो’ हा शब्द पावतीवर लिहून मागा. टाळाटाळ झाली तर पैसे काढू नका. शक्य असेल तर क्राउनपॉइंटला जा, तिथे विणकर स्वतः हजर असतात.

पावती, लेबल आणि कडांचे फोटो जोडून आम्ही अमेरिकी सरकारच्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे (इथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतले आदिवासी) तक्रार केली आहे. तुम्हीही असे फसला असाल तर गालिचा परत करण्याआधी हे फोटो काढून ठेवा.