किट आणायचं की जहाज स्वतः बांधायचं? गंजक्या जहाजाचं मॉडेल करू पाहणाऱ्यासाठी

खान्देशाला समुद्र नाही. तापी आपल्या दारावरून जाते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते, नातं तेवढंच. तरी भुसावळ-चाळीसगावात बसून एखाद्याला किनाऱ्यावर रुतलेल्या, गंजून फाटलेल्या जहाजाचं मॉडेल करावंसं वाटतं. मग पहिला प्रश्न ठरलेला: तयार प्लास्टिक किट मागवून ते गंजवायचं, की पुठ्ठा-पत्र्यातून जहाज स्वतःच उभं करायचं? लोक याचं उत्तर खिशाकडे किंवा हाताच्या सफाईकडे बघून देतात. मी आधी विचारतो, तुमचं जहाज किती वर्षांपासून पडून आहे?

रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' जून २०२० मध्ये, निसर्ग वादळात येऊन आदळलं. सुरुवातीच्या फोटोंत ते अजून जहाजच आहे: बाजू धड, रंग बऱ्यापैकी जागेवर. आता दुसरं टोक बघा. 'महेनो' हे १९०५ मध्ये स्कॉटलंडात बांधलेलं प्रवासी जहाज. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ-जहाज झालं. १९३५ मध्ये भंगारात विकून जपानकडे ओढून नेताना वादळात दोर तुटला आणि ते ऑस्ट्रेलियातल्या फ्रेझर बेटाच्या वाळूत जाऊन बसलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी त्याच्यावर बॉम्बफेकीचा सराव केला. आता उरल्यात त्या फासळ्या आणि त्यांच्यामध्ये लोंबणारा पत्रा.

पहिल्यासाठी किट घ्या. दुसऱ्यासाठी किट घेतलंत तर पैसे देऊन डोकेदुखी विकत घ्याल.

कारण साधा हिशेब आहे. किटच्या प्लास्टिकची जाडी साधारण एक मिलिमीटर धरा. १/३५० स्केलला, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेव्या भागाएवढ्या मॉडेलला, त्याचा अर्थ ३५ सेंटिमीटर जाड पत्रा! खऱ्या जहाजाचा पत्रा एक-दोन सेंटिमीटरचा असतो. जहाज बंद आहे तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण बाजूला भोक पाडलंत की भोकाची कड किल्ल्याच्या भिंतीसारखी दिसते. उपाय आहे: भोकाच्या जागी प्लास्टिक आतून कोरून, पॉलिश पेपरने घासून कागदाइतकं पातळ करायचं आणि मगच फाडायचं. दोन-तीन भोकांसाठी हे जमतं. अख्खी बाजू चाळण करायची असेल तर हात दुखून येतात, शिवाय आत फासळ्या नसतातच, त्या वेगळ्या बसवाव्या लागतात.

याउलट कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. १/७२ ला तो सात मिलिमीटरचा पत्रा झाला, म्हणजे जवळपास खरा. आधी दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यातून फासळ्या कापून घ्या, त्या कण्यावर उभ्या करा आणि त्यांच्यावर कॅनच्या पट्ट्या चिकटवा. फासळ्यांच्या मधोमध बोथट पेन्सिलीने हलकेच दाबलं की पत्रा आत बसतो आणि फासळ्या वर उमटतात, भुकेल्या बैलाच्या बरगड्यांसारख्या. जुन्या जहाजाचं हेच रूप असतं, कारण जाड फासळी टिकते आणि पातळ पत्रा आधी जातो. कॅनवरचा छापील थर मात्र घासून काढा, प्रायमर मारा, नाहीतर रंग सोलून निघेल. कापताना हातमोजे घाला. आणि कापसाच्या मुलखात राहतो म्हणून मुद्दाम सांगतो: फेविक्विक सांडलं तर ते कापसाने पुसू नका. कापसावर ते एकदम तापतं, धूर निघतो, बोट भाजतं.

किटच्या बाजूनेही बोललं पाहिजे. रेलिंग, बोटी उतरवायच्या कमानी, शिड्या, नांगराचं यंत्र ही बारीक कामं किटमध्ये आयती मिळतात, ती हाताने करायला महिनोन्‌महिने जातात. रेव्हेल या किट-कंपनीचा १/१४२ चा मासेमारी ट्रॉलर नवशिक्याला चांगला, कारण छोटं जहाज पूर्ण होतं. त्यांचंच फ्लॉवर वर्गाचं कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका) १/१४४ आणि १/७२ अशा दोन्ही मापांत निघालेलं आहे. मूळ जहाज साडेबासष्ट मीटरचं, म्हणजे १/७२ चं मॉडेल जवळपास सत्त्याऐंशी सेंटिमीटर भरतं. ते घरात कुठे ठेवणार हे आधी घरच्यांना विचारा. आलेला प्रत्येक पाहुणा "हाई काय शे भो?" विचारणार, ते वेगळंच.

मधला मार्गही आहे, आणि मला तो सर्वांत पटतो: धड आणि आतल्या फासळ्या स्वतःच्या, वरचं बारीकसारीक सामान किटमधलं. फक्त स्केल एकच ठेवा.

समुद्र दाखवायचा की वाळू? इथे मी उघडपणे वाळूच्या बाजूने आहे. पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं पारदर्शक रसायन) ओततात. ते घट्ट होताना स्वतःच तापतं आणि हवा गरम असली की आणखी लवकर चढतं. मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला असताना जाड थर ओतलात तर तो पिवळा पडेल, तडकेल किंवा खालचं प्लास्टिक वाकवेल. पहाटे, पातळ थरांत करता येतं, पण वाऱ्यासोबत येणारी धूळ ओल्या रेझिनवर बसायची ती बसतेच. नामिबियातलं 'एडुआर्ड बोहलेन' १९०९ मध्ये किनाऱ्याला लागलं, आज ते समुद्रापासून काहीशे मीटर आत, निव्वळ वाळूत आहे. उझबेकिस्तानातलं मुयनाक हे अरल समुद्राचं जुनं बंदर तर आपल्याला जवळचं वाटावं असं. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी मुख्यतः कापसाकडे वळवलं गेलं, अरल समुद्र मागे हटला आणि तिथल्या मच्छीमार बोटी वाळवंटात गंजत उभ्या राहिल्या. कापूसवाल्यांनी करावं असं हे मॉडेल. वाळू तापीचीच, पण मलमलच्या कापडातून चाळून. जशीच्या तशी टाकलीत तर या स्केलला तिचे दगड दिसतात.

गंजासाठी तीन पद्धती चालतात, आणि इथेही जहाजाचं वय निर्णय देतं. हेअरस्प्रेची पद्धत ताज्या जहाजाला: खाली गंजाचा रंग, त्यावर व्हार्निश, मग हेअरस्प्रे, वर जहाजाचा ॲक्रिलिक रंग, मग ओल्या ब्रशने घासून खरवडे काढायचे. आपल्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक झटकन पक्कं होतं, म्हणून अर्ध्या तासाच्या आत घासायला घ्या. मिठाच्या पद्धतीत ओल्या पृष्ठभागावर मीठ भुरभुरवतात, वाळल्यावर रंग मारतात आणि मीठ खरवडून काढतात. यातून रंगाचे मोठे, फुगून उडालेले पोपडे उमटतात, मुयनाकच्या बोटींना नेमके शोभणारे. कोरडी हवा असेल तेव्हाच हे करा, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटून सगळा चिखल होतो. लहान स्केलला मीठ मिक्सरमधून काढा आणि शेवटी पाण्याने नीट धुऊन टाका.

महेनोसारख्या जहाजाला या दोन्हींचा काही उपयोग नाही, कारण खरवडायला रंगच उरलेला नसतो. तिथे हवा खरखरीतपणा. गेरू म्हणजे लोह ऑक्साइडच, गंजाच्याच जातीचा, म्हणून त्याचा रंग खोटा वाटत नाही. फेविकॉलच्या पातळ पाण्यावर गेरूची पूड, तिच्यावर कोळशाची काळसर पूड, आणि अगदी थोडी पिवळी माती. भडक नारिंगी हा नव्या गंजाचा रंग आहे, नव्वद वर्षांच्या गंजाला गडद तपकिरी लागतो. लेथवरचा लोखंडी चुरा चिकटवून त्यावर व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मारून खरा गंज चढवणारेही आहेत. मोठ्या स्केलला तो झकास दिसतो. मिश्रण उघड्यावर, चष्मा लावून, लागेल तेवढंच करा. उरलेलं बाटलीत बंद करून ठेवायचं नाही.

गंजाचे ओघळ काढताना गवंड्याचा ओळंबा आठवा. जहाज कलतं ठेवणार असाल तर नवे ओघळ ओळंब्याच्या रेषेत, सरळ जमिनीकडे यायला हवेत. जहाज उभं असतानाचे जुने ओघळ मात्र डेकशी काटकोनातच राहतात. एकाच बाजूवर अशा दोन दिशा दिसल्या की जहाज कललं कधी हे बघणाऱ्याला न सांगता कळतं. किट असो की हातची बांधणी, बहुतेकजण हे विसरतात.

दोरांसाठी बाजारचा धागा आणू नका. जहाजांचा नावाजलेला मनिला दोर ज्या अबाकाच्या धाग्याचा, ते झाड केळीच्याच कुळातलं. रावेर-यावलकडे केळीचं खोड फुकट मिळतं: सोपट सुरीच्या पाठीने खरवडलं की धागा सुटतो आणि टोकाला आपसूक विसविशीत होतो.

पहिलंच मॉडेल असेल तर ट्रॉलरचं किट, मिठाची पद्धत आणि वाळूचा तळ, असं दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत सुरू करा. महेनोच्या फासळ्या त्यानंतर.