ग्रहणात वजन घटते का, हे पाहण्यासाठी घेतलेला अर्ध्या किलोचा डिजिटल काटा

२०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २५ ऑक्टोबरला ग्रस्तास्त (ग्रहण सुटण्याआधीच सूर्य मावळतो असे) सूर्यग्रहण होते. ते जवळ आले तसा आमच्या घरी दरवेळचा विषय निघाला: ग्रहण लागले की परातीत पाणी घालून मुसळ ठेवतात, ते आधाराशिवाय उभे राहते आणि ग्रहण सुटले की पडते, यामागे काय आहे? मामांचे म्हणणे असे, की सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकवटते आणि वस्तू हलकी होते. त्यांच्या मुलाचे मत याच्या उलट, की चंद्र आड आल्यामुळे सूर्याचे गुरुत्वाकर्षण अडवले जाते. दोन्ही मते मोजून पाहण्याजोगी आहेत असे मला मनापासून वाटले आणि त्यासाठी मी खिशात मावणारा डिजिटल काटा ऑनलाइन मागवला.

काट्याची क्षमता ५०० ग्रॅम आहे आणि तो ०.०१ ग्रॅमपर्यंत, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. स्टीलचे छोटे पारडे, वर पारदर्शक झाकण, पेन्सिल सेलपेक्षा लहान असे दोन सेल आणि भांड्याचे वजन वजा करणारे टेअरचे बटण, एवढाच पसारा आहे. या कामासाठी असाच काटा हवा होता, कारण दोन पारड्यांच्या तराजूत गुरुत्वाकर्षण बदलले तरी वस्तू आणि माप दोन्ही सारखेच हलके होतात आणि दांडी जागची हलत नाही. या काट्यात मात्र लोड सेल आहे. धातूची पट्टी भाराने किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. ओढ खरोखर कमी झाली तर पट्टी कमी वाकेल आणि आकडा उतरेल.

तक्रारीची जागा आहे. विक्रेत्याच्या वर्णनात जुळणीसाठी १०० ग्रॅमचे प्रमाणित वजन सोबत मिळेल असे लिहिले होते. खोक्यात ते नव्हते आणि कळवूनही आले नाही. शेवटी शेजारच्या सराफांकडून २०० ग्रॅमचे पितळी वजन चार दिवसांसाठी मागून आणले. दुसरी अडचण अशी, की कुठलेही बटण न दाबता दोन मिनिटे गेली की काटा आपोआप बंद होतो. स्वयंपाकघरात हे सोयीचे असले, तरी दीड तास सलग नोंदी घेणाऱ्याला दर मिनिटाला दिव्याचे बटण दाबत बसावे लागते, आणि बोटाचा जरासा धक्का लागला तरी आकडा हलतो.

ग्रहणाच्या दिवशी काटा पश्चिमेच्या खिडकीशी ठेवला, पंखा बंद केला आणि साडेचारपासून नोंदी सुरू केल्या. सुरुवातीला आकडा २००.०१ होता. सूर्य ग्रस्त अवस्थेतच मावळला तेव्हा तो १९९.९७ वर आला होता. मामांना आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही झाला. परंतु त्याच वेळात शेजारच्या तापमापीचा पारा २९ अंशांवरून २६ वर उतरला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, ग्रहण नसताना तीच मांडणी त्याच वेळी पुन्हा केली. आकडा २००.०१ वरून १९९.९८ वर आला. तिसऱ्या दिवशी काटा आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर ठेवला, तेव्हा तो पूर्ण वेळ २००.०० आणि २००.०१ यांच्यातच राहिला. हा फरक संध्याकाळच्या गारव्याचा होता.

इथे काटा काय सांगू शकतो आणि काय नाही, हे नीट वेगळे केले पाहिजे. मुसळ उभे राहण्याइतकी ओढ कमी होत असेल, अगदी शंभरात एक भाग जरी, तर २०० ग्रॅमच्या वजनात दोन ग्रॅमचा फरक दिसला असता. तो या काट्यातून निसटणे अशक्य आहे. मुसळाचा तळ सपाट असतो आणि ते सरळ ठेवले तर कोणत्याही दिवशी उभे राहते. मामांनी ते पाडव्याला स्वतः उभे करून पाहिले. घरच्या सिद्धान्तासाठी हा काटा पुरेसा आहे.

सूक्ष्म परिणामांसाठी मात्र तो मुळीच पुरेसा नाही. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो हे खरे, पण ती ओढ आपल्याला आणि पायाखालच्या जमिनीला जवळजवळ सारखीच असते. वजनात उतरतो तो फक्त उरलेला फरक, ज्यामुळे कोकणात दर अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येते, ग्रहण असो वा नसो. हा फरक सूर्य-चंद्र मिळूनही फार तर एक कोटीत दीड-दोन भाग इतका असतो. २०० ग्रॅमवर तो ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि आपल्या काट्याचा सर्वांत लहान टप्पाच १० मिलिग्रॅमचा आहे.

याहून बारीक दावे गंभीर माणसांनी केले आहेत आणि त्यांची थट्टा करणे मला योग्य वाटत नाही. पुढे १९८८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले फ्रान्सचे मोरिस आले यांनी ३० जून १९५४ च्या ग्रहणात पॅरिसमध्ये आपल्या लंबकाच्या आंदोलनाचे प्रतल अनपेक्षितपणे वळल्याची नोंद केली. ग्रहणाच्या एका दिवसापुरते न थांबता त्यांनी महिनाभर, रात्रंदिवस, दर वीस मिनिटांनी लंबक नव्याने सोडला होता. चीनमध्ये मोहे येथे ९ मार्च १९९७ च्या ग्रहणात संवेदनशील गुरुत्वमापीवर सुमारे ७ मायक्रोगॅलची (मायक्रोगॅल हे गुरुत्वाकर्षण मोजण्याचे अतिशय लहान एकक) घट नोंदली गेली. ही घट आपल्या २०० ग्रॅमच्या वजनात एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून जेमतेम जास्त भरेल. ग्रहणाच्या सावलीत हवा थंड होऊन तिची हालचाल होते आणि त्यातून अशी नोंद येऊ शकते, असे स्पष्टीकरण २००३ मध्ये मांडले गेले. माझ्या खिडकीतला चार टप्प्यांचा फरक पाहिल्यापासून मला ते फार पटते.

किमतीच्या मानाने काटा चांगला आहे. केशर, चांदीचे नाणे, यीस्ट किंवा शाळेतले प्रयोग यांसाठी मी तो नक्की घ्या म्हणेन. पाचपैकी चार तारे, आणि एक कमी तो न आलेल्या वजनासाठी. गुरुत्वाकर्षणासाठी घेणाऱ्याने सोबत तापमापी ठेवावी आणि ग्रहणाइतक्याच नोंदी साध्या दिवशीही घ्याव्यात. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास असेल. भर पावसाळ्यात सूर्य दिसला नाही तरी काट्याचे काही अडत नाही. मामांनी आतल्या खोलीतली जागा आत्ताच ठरवून ठेवली आहे.