भूमध्य समुद्रातली क्रूझ, सोबत मुलं आणि आजी: बंदरात उतरावं की जहाजावर थांबावं?

ऑक्टोबर ते मे या दिवसांत मुरगाव बंदरात परदेशी क्रूझ जहाजं लागतात. आम्ही फोंड्याचे, त्यामुळे जहाज आलेलं आम्हाला बंदराकडे न जाताच कळतं. मंगेशीच्या वाटेवर एकापाठोपाठ एक एसी बस उभ्या दिसतात. गोरी माणसं दीपमाळेसमोर फोटो काढतात, तिथून मसाल्याच्या बागेत जेवायला जातात, मग जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, आणि चारच्या आत परत बंदरावर. त्यांना गोवा दिसला का? थोडा दिसला. फोंड्याचा बाजार, पावसातला गोवा, चवथीचं घर, यातलं काही त्या बसमधून दिसत नाही.

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर त्या बसमध्ये आपण असतो, हे मनाशी पक्कं धरून बेत आखावा.

डिचोलीची माझी मावसबहीण येत्या मे महिन्यात नवरा, दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन अशा क्रूझला निघाली आहे. परवा फोनवर म्हणाली, "ताई, सात रात्रींत पाच बंदरं आहेत. सगळीकडे उतरायचं ना? एवढे पैसे भरून जहाजात बसून काय करायचं?" दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच पाच जण गेलो होतो: मी, नवरा, तेरा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि एकाहत्तरीच्या सासूबाई. तेव्हा माझाही हाच प्रश्न होता. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

बंदराचा दिवस घड्याळावर

जहाज साधारण सकाळी सात-आठला धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सुटतं. सुटण्याआधी अर्धा-एक तास सगळ्यांनी आत असावं लागतं. कागदावर हे दहा-अकरा तास दिसतात. त्यातून रोम वजा करून बघा.

रोमला समुद्रबंदर नाही. जहाज लागतं ते चिव्हितावेक्कियाला, आणि तिथून रोम ऐंशीएक किलोमीटर. पणजीहून कुडाळ गाठून त्याच दिवशी परत यायचं, असं समजा. जहाजातून उतरायची रांग, धक्क्यावरून बाहेर नेणारी बस, मग स्टेशन, मग सान पिएत्रो स्थानकापर्यंत पाऊण-एक तास गाडी. आम्ही आठला केबिन सोडली आणि सेंट पीटर्सच्या चौकात पोचायला साडेदहा झाले. तीनला परतीची गाडी धरायची होती. म्हणजे रोमला मिळाले साडेचार तास, त्यात चर्चच्या सुरक्षा तपासणीची रांग, धाकट्याचं जेवण आणि सासूबाईंना टेकायला जागा शोधणं. बासिलिकात शिरल्यावर थोरली म्हणाली, "आई, हे आपल्या सेंट कजेतानसारखंच!" जुन्या गोव्याचं ते चर्च याच धर्तीवर बांधलेलं आहे, हे तिला ठाऊक होतं. तो क्षण फार मोलाचा होता. पण कलोसियम आम्ही पाहिलंच नाही, आणि परतीच्या गाडीत कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्याच्या आदल्या दिवशी लिव्होर्नो होतं. तिथून फ्लॉरेन्स नव्वदएक किलोमीटर. तिथे जायचा हट्ट माझा. बॉम जीझसमध्ये सेंट झेवियरचं शव ज्या संगमरवरी समाधीवर आहे ती फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवली. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने ती पाठवली आणि १६९८ साली ती गोव्यात उभी राहिली. लहानपणापासून जी कलाकुसर पाहत आले तिचं गाव बघायचं होतं. पाहिलं, समाधानही झालं. पण धाकट्याला फ्लॉरेन्स म्हटलं की बसमध्ये झालेली उलटी आठवते. पिसा लिव्होर्नोपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. सहा वर्षांच्या मुलाला कलता मनोरा आणि त्यासमोरचं हिरवळीचं मैदान पुरेसं झालं असतं.

आणि जहाज?

मावसबहिणीचा जो समज आहे, जहाजावर बसणं म्हणजे पैसे वाया, तोच माझाही होता. तो मोडला आमच्याच गोव्याच्या एका तारवट्याने, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाने. भोजनकक्षात आमचं बोलणं कानावर पडल्यावर तो थांबला आणि कोंकणीत म्हणाला, "तुमी खंयचीं?" (तुम्ही कुठले?) साष्टीतला माणूस, वीस वर्षं बोटीवर. आपल्याकडची किती घरं या नोकरीवर उभी राहिली ते वेगळं सांगायला नको. त्याने एकच गोष्ट बजावली: बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं, मुलाला त्या दिवशी पाण्यात सोडा.

समुद्राच्या दिवशी, म्हणजे जहाज कुठेच थांबत नाही त्या दिवशी, तरणतलावाजवळ सकाळी नऊलाच खुर्च्या भरतात. घसरगुंडीला रांग, बुफेला रांग. तोच तलाव बंदराच्या दिवशी दहाच्या सुमारास जवळपास मोकळा असतो. मुलांचा क्लब बहुतेक जहाजांवर तीन वर्षांवरच्या मुलांसाठी असतो आणि तो बंदराच्या दिवशीही चालू असतो. काही जहाजांवर मुलाला तिथे ठेवून आईवडिलांना खाली उतरता येतं, काहींवर नाही. बुकिंग करतानाच हे विचारून घ्या. त्या दिवशी बंद असतात ती दुकानं आणि कॅसिनो. जहाज बंदरात असेपर्यंत ती उघडत नाहीत. आपल्यासारख्यांचं त्यात काही अडत नाही.

नेपल्स: एकच दिवस, दोन्ही बाजूंनी

लिव्होर्नो आणि चिव्हितावेक्किया लागोपाठ झाल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मी आज हलणार नाही." धाकटाही त्यांच्या बाजूने. म्हणून घर दोन भागांत विभागलं. ही तुलना ठरवून केलेली नव्हती, पण माझ्याकडे याहून चांगली दुसरी नाही.

नवरा आणि थोरली पॉम्पेईला गेले. नेपल्सचा धक्का थेट शहराला लागून आहे. बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला. तिथून मेट्रोने गारिबाल्दी स्थानक आणि तिथून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही स्थानिक रेल्वे, साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या शहरात ती दोघं तीन तास हिंडली. थोरलीला तिथे जायचं खास कारण होतं. १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घराच्या अवशेषांत भारतात घडवलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनलाही सापडल्या आहेत. बहुधा मराठवाड्यातून निघालेली वस्तू दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रमार्गे जिथे पोचली, तो रस्ता तिला पायांनी चालायचा होता. मूर्ती आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते मंगळवारी बंद असतं. शिवाय मूर्ती ज्या दालनात आहे तिथे प्रौढांसाठीच्या कलावस्तू आहेत, तेव्हा मोठ्यांपैकी एकाने आधी आत डोकावून मग मुलांना न्यायचं की नाही ते ठरवावं. पॉम्पेईत सावली फार कमी आणि रस्ते मोठमोठ्या उंचसखल दगडांचे. बाबागाडी किंवा गुडघेदुखी असेल तर अवघड. सहा वर्षांच्या मुलाला आणि सासूबाईंना नेलं नाही, हे योग्यच झालं.

इकडे आम्ही तिघं जहाजावर. धाकटा दोन तास घसरगुंडीवर, वर चढायचा, खाली यायचा, रांग नाही. सासूबाईंना वरच्या डेकवर सावलीतली खुर्ची मिळाली, आणि समोर व्हेसुव्हियस. ज्या डोंगराच्या पायथ्याशी नात उन्हात फिरत होती तो त्या चहाचा कप हातात घेऊन बघत होत्या. दुपारी जेवण आणि झोप झाल्यावर आम्ही तिघं खाली उतरलो, दहा मिनिटं चाललो, किल्ल्याचे बुरूज पाहिले, एका गल्लीत उभ्याने मार्गारिटा पिझ्झा खाल्ला, जेलातो घेतलं आणि दीड तासात परत. सासूबाई आजही कुणी विचारलं तर "मी नेपल्स पाहिलंय" असं ठामपणे सांगतात. रोमबद्दल त्या बोलत नाहीत.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंना सांगायला भरपूर होतं. त्याआधीच्या दोन संध्याकाळी कुणीच काही बोललं नव्हतं.

मग निवडायचं कसं

बंदराचं नाव किती मोठं आहे ते बघू नका, धक्क्यापासून ते ठिकाण किती लांब आहे ते बघा. माझं सगळं मत याच एका गोष्टीवर उभं आहे.

व्हॅलेटा, नेपल्स, पालेर्मो, जेनोआ या ठिकाणी शहर धक्क्याला भिडलेलं आहे. दोन तास उतरा, कंटाळा आला तर परत या, पुन्हा जा. माल्टाच्या व्हॅलेटाला तर सकाळी जहाज आत शिरताना सगळ्यांनी डेकवर हजर राहावं. दोन्ही बाजूंना पिवळसर दगडाची तटबंदी, मधून जहाज. बंदरातून बाराक्का लिफ्टने थेट वरच्या बागेत जाता येतं आणि दुपारी बाराला तिथे तोफ उडते. मुलांना आणखी काही लागत नाही. जेनोआत १९९२ साली उघडलेलं मोठं मत्स्यालय जुन्या बंदरातच आहे, चालत जाण्यासारखं.

चिव्हितावेक्कियाहून रोम, लिव्होर्नो किंवा ला स्पेझियाहून फ्लॉरेन्स हे लांबचे पल्ले. ला स्पेझियाहून तर फ्लॉरेन्स पणजी-बेळगावपेक्षाही दूर. त्याऐवजी तिथून रेल्वेने दहाएक मिनिटांवर चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांपैकी पहिलं, रिओमाज्जोरे, आहे. रोम बघायचंच असेल, आणि ते बघायलाच हवं, तर चिव्हितावेक्कियाला सुरू होणारी क्रूझ घ्या आणि दोन रात्री आधी रोमला जाऊन राहा. क्रूझ बार्सिलोनाला सुरू होणारी असेल तर तिथेही तसंच, साग्रादा फामिलिया या चर्चची वेळेची तिकिटं आधी काढावी लागतात, ती धावपळीच्या दिवशी नको. नाहीतरी गोव्याहून आखाती देशांत विमान बदलून जाताना किमान एक दिवस हाताशी ठेवावाच लागतो. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही.

ग्रीसमधल्या सान्तोरिनीसारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर जायचं, मग केबल कारची रांग, नाहीतर ५८८ पायऱ्या. आजी सोबत असतील तर मी ती फेरी दुसऱ्या वेळी करीन.

जहाजाकडून घेतलेली सहल की स्वतःची? लांब पल्ल्याला जहाजाची, जवळच्याला स्वतःची. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. पण ती सहल माणशी असते. पन्नास युरोची सहल पाच जणांना अडीचशेला पडते, आणि व्हॅलेटात जिथे पायी जाता येतं तिथे ते पैसे घालण्यात अर्थ नाही.

खर्चाचं आणखी थोडं: तिकिटात मुख्य भोजनकक्ष, बुफे, तलाव, रात्रीचे कार्यक्रम येतात. सहली, इंटरनेट, बरीचशी पेयं आणि रोजची टीप बहुधा वेगळी. फोन जहाजावर चढताच विमान मोडवर टाका; समुद्रातलं उपग्रहाचं नेटवर्क पकडलं तर बिल भरमसाट येतं. मात्र जहाजाची वेळ घड्याळात लावून ठेवा, कारण देश बदलला की फोनवरची वेळ बदलू शकते आणि जहाजाची तीच राहू शकते. फेरीत तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल तर शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांबाहेर, जाऊन परत यायचं असतं, म्हणून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळी लिहून द्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे मुलींनाही आधी सांगा.

मूल जहाजावर कसं राहील याची शंका असेल तर आधी आपल्याकडच्याच एखाद्या छोट्या क्रूझवर राहून बघा. केबिन किती लहान असते आणि पोटात कसं होतं, ते घराजवळच कळेल.

डिचोलीच्या पाहुण्यांसाठी

तिची फेरी चिव्हितावेक्कियाहून निघून पालेर्मो, व्हॅलेटा, एक दिवस समुद्र, मग बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ आणि परत. मी तिला असं आखून दिलं: आधी दोन रात्री रोम, निवांत. व्हॅलेटाला सगळ्यांनी उतरायचं, पण दुपारच्या जेवणाला जहाजावर परत. समुद्राच्या दिवशी काहीच ठरवायचं नाही. बार्सिलोनाला लांबची भटकंती, तिकिटं आधी काढून. आजींना जमलं नाही तर त्या आणि कुणीतरी एक मागे. मार्सेयला क्रूझचा धक्का गावापासून लांब आहे, म्हणून तो दिवस पूर्ण जहाजाला द्यायचा, तलाव मुलांचा. जेनोआला मत्स्यालय आणि बस्स.

पालेर्मोचा दिवस मोकळा ठेवलाय. पहिलंच बंदर आहे, तिथे काय करायचं ते तिने सासूबाईंना विचारून ठरवावं.